दारातला वजनकाटा

तलावाच्या दारात, तिकीटखिडकीला अगदी लागून, नव्या साहेबांनी वजनकाटा ठेवला आणि त्याच्या वर भिंतीवर पांढरा फळा ठोकला, तेव्हा सगळ्यांत आधी हसली ती पाणबाईच.

तिचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथेच राहिलं होतं. पोहायला शिकणारी पोरं तिला पाणबाई म्हणायची. पोरांचं ऐकून त्यांच्या आया म्हणायला लागल्या, आणि मग पंप दुरुस्त करायला येणारा मिस्त्रीसुद्धा. अंगानं ती चांगली भरलेली. जिना चढताना मधे थांबून गुडघ्यावर हात ठेवायची, पण एकदा पाण्यात उतरली की तिच्यात आणि मासोळीत फरक एवढाच, की मासोळी ओरडत नाही. पाणबाईचा आवाज मात्र खोल बाजूपासून रस्त्यापर्यंत जायचा.

"हे काय साहेब, भाजीचं दुकान टाकताय का?" तिनं विचारलं.

साहेब हसले नाहीत. ते एका मोठ्या व्यायामशाळेतून आले होते, पोट आत ओढून उभे राहायचे, आणि बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता कमरेकडे बघायचे. "उद्यापासून सगळ्या स्टाफचं रोज सकाळी वजन होईल," ते म्हणाले. "आकडा फळ्यावर. वाढला तर लाल, उतरला तर हिरवा. पोहण्याच्या तलावावर काम करणारी माणसं तंदुरुस्त दिसली पाहिजेत. रोज मोजलं की माणूस ताळ्यावर राहतो."

शिट्टीमामानं, म्हणजे उंच खुर्चीत बसून पाण्यावर नजर ठेवणाऱ्या जीवरक्षकानं, शिट्टी तोंडातच ठेवून खांदे उडवले. तो वाळल्या काठीसारखा, त्याला कसली भीती! तिकीटखिडकीतला कारकून आणि साफसफाईची मावशी एकमेकांकडे बघत राहिली. पाणबाईला मात्र तेव्हा राग आला नव्हता, हे सांगायला हवं. उलट तिला वाटलं, बरं झालं, आयताच काटा मिळाला. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून तिनं वजन उतरवायचं मनावर घेतलंच होतं. साखर सोडली होती, संध्याकाळी बस सोडून चालत घरी जायला लागली होती. रोजच्या रोज उतार दिसला तर हुरूप येईल, एवढाच तिचा भाबडा हिशोब.

पहिल्या सकाळी ती काट्यावर उभी राहिली, साहेबांनी आकडा मोठ्यानं वाचला, फळ्यावर लिहिला. दुसऱ्या सकाळी आकडा थोडा उतरला. हिरवा बाण. पाणबाई दिवसभर गुणगुणत होती. तिसऱ्या सकाळी आकडा पहिल्या दिवसापेक्षाही वर.

"काय हो, काल जेवणावर ताव मारला वाटतं?" साहेबांनी लाल खडूचं टोपण उघडत विचारलं. फळा पांढरा, त्यामुळे तो खडू नव्हता, पेन होतं. पण पाणबाईला तो शाळेतला लाल खडूच वाटला. तिकिटाच्या रांगेतली माणसं माना वाकडी करून बघत होती.

आदल्या रात्री ती वाटीभर सूप पिऊन झोपली होती. सूप जरा खारट होतं, इतकंच. पण रांगेसमोर ते कोणाला सांगणार? तिनं चपला घातल्या आणि आत गेली.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात काटा शिरला. सकाळी उठल्या उठल्या पहिला विचार काट्याचा. चहा घ्यावा की नको? चहाचंही वजन असतंच की. मग चहा बंद झाला. मग कानातले काढून पर्समध्ये, मग केसांचे चाप, मग स्वेटर. थंडीत कुडकुडत ती काट्यावर चढायची. त्यानंही भागेना तेव्हा तिनं आदल्या संध्याकाळपासून पाणी प्यायचं कमी केलं. दिवसभर पाण्यात राहणारी बाई, आणि तिचे ओठ उन्हात पडलेल्या पावासारखे फुटलेले.

"आमच्या वेळी माणसं धान्य मोजायची," तिच्या सासूबाई ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या. "आता माणसांनाच मापात घालतात. अगं, काल तू उतरलीस, आज चढलीस, उद्या पुन्हा उतरशील. एका रात्रीत काय, अंगावर दुसरं माणूस चढून बसतं का?"

"आई, तुम्हाला नाही कळायचं. फळ्यावर लिहितात."

"लिहू देत. फळा धुता येतो."

नवरा शाळेची बस चालवायचा. तो बोलायचा कमी. पण एका रात्री त्यानं ताटाकडे बोट दाखवलं. पाणबाईनं त्यातलं अर्धं ताटाच्या कडेला सारून ठेवलं होतं. "उपाशी पोटी पोरं पाण्यात धरणार का?" एवढंच तो म्हणाला. तिला राग आला, तोही त्याचाच. असंच होतं माणसाचं. काटा दारात ठेवणाऱ्यावर चिडायचं सोडून ती घरच्यांवर खेकसायला लागली.

सकाळची पोरांची तुकडी संपली की बायकांची तुकडी यायची. ही तुकडी म्हणजे पाणबाईची स्वतःची कमाई. पाण्याला घाबरणाऱ्या, पोहण्याचा पोशाख घालायला लाजणाऱ्या, आयुष्यात कधी घोट्याच्या वर पाण्यात न उतरलेल्या बायका. पोस्टातून निवृत्त झालेल्या काकू, मधुमेह झालेली एक आजी, दोन-तीन बाळंतपणांनी थकलेल्या सुना. त्या इथे का टिकल्या याचं कारण सरळ होतं. शिकवणारी बाई त्यांच्यासारखीच होती. "ही एवढी बाई तरंगते, तर आपण का बुडू?" हे काकूंचं पेटंट वाक्य. पाणबाई त्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसायची.

त्या तुकडीत एक शिंपीण होती. गल्लीच्या टोकाला तिची एका खोलीची शिलाईची जागा. तुकडीतली सगळ्यांत जाड बाई तीच आणि सगळ्यांत भित्रीही तीच. दुकानात तिच्या मापाचा पोशाख मिळेना, तेव्हा तिनं स्वतःच गुडघ्यापर्यंतचा, बाह्यांचा, गडद निळा पोशाख शिवला होता. तरी पहिले कित्येक दिवस ती काठावर बसून नुसते पाय बुडवायची. मग एक दिवस पायरीवर. मग कमरेपर्यंत. आता कुठे ती पाठीवर तरंगायला शिकत होती. पाणबाई तिच्या पाठीखाली तळहात धरायची, आणि शिंपीण डोळे घट्ट मिटून विचारायची, "ताई, हात आहे ना?"

"आहे गं. मी सोडत नाही तोवर आहे."

त्या सकाळी पाणबाईनं आदल्या दुपारपासून जवळजवळ काहीच प्यायलेलं नव्हतं. आकडा हिरवा आला होता. साहेब "वा" म्हणाले होते, आणि त्या "वा"नं तिला आनंद झाला होता, याचीच तिला नंतर सगळ्यांत जास्त चीड आली. शिंपिणीला धरून ती उभी होती, छतावरचे दिवे पाण्यात हलत होते, आणि एकदम ते दिवे लांब गेले. कानात गुं आवाज. पोटरीत गोळा आला. हात शिंपिणीच्या पाठीखालून कधी निसटला ते तिला कळलंच नाही.

पाणी छातीएवढं होतं. शिंपीण बुडाली, नाकातोंडात पाणी गेलं, पाय टेकले, खोकत खोकत उभी राहिली. शिट्टीमामा तोवर खुर्चीवरून उडी टाकून आला होता. पण तो शिंपिणीकडे नाही, पाणबाईकडे आला. तिला काखेत धरून त्यानं काठावर बसवलं.

"बाई, तोंड पांढरं पडलंय तुमचं. काय खाल्लंय सकाळी?"

पाणबाई शिंपिणीकडेच बघत होती. शिंपीण खोकता खोकता हसायचा प्रयत्न करत होती. "काही नाही हो ताई, होतं असं. थोडं पाणी प्यायले, तेवढंच." तिची ती समजूत घालायची धडपड पाहून पाणबाईला रडू फुटायचं बाकी राहिलं. खोल बाजूला असतो तर? हा एकच प्रश्न तिच्या डोक्यात घणासारखा पडत होता.

संध्याकाळी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. गुडघ्याचं औषध त्याच द्यायच्या. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, जीभ पाहिली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"पाणी का पीत नाही?"

पाणबाईनं सगळं सांगितलं. काटा, फळा, लाल, हिरवा. सांगताना तिचं तिलाच ते इतकं खुळचट वाटलं, की शेवटी शेवटी ती पुटपुटायला लागली.

"रोज सकाळी काट्यावर जो आकडा दिसतो, तो चरबीचा नसतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यात अंगातलं पाणी असतं, रात्री खाल्लेलं मीठ असतं, पोट साफ झालंय की नाही ते असतं, बायकांची पाळी असते. हे रोज खालीवर होणारच. चरबी इतकी घाईत चढतही नाही आणि उतरतही नाही. तुम्ही पाणी सोडून जे उतरवलं ते पाणीच होतं. एक पेला प्यायलात की परत."

"मग मोजायचंच नाही का?"

"मोजा की. आठवड्यातून एकदा. एक वार धरा. सकाळी उठून, पोट साफ झालं की, काही खायच्या-प्यायच्या आधी, त्याच काट्यावर, तशाच हलक्या कपड्यांत. आणि एका आठवड्यावरून निकाल लावू नका. महिना, दोन महिने बघा, उतरणीला लागलंय का."

"आमचे साहेब म्हणतात रोज मोजलं की माणूस ताळ्यावर राहतो."

"काहींना रोजचं मानवतं. आकडा बघतात, विसरतात, कामाला लागतात. अशा माणसांनी खुशाल रोज मोजावं. तुम्हाला मानवत नाही, हे तुमचा रक्तदाब मला सांगतोय. आणि कोणाला काटाच नको असेल, तर तेही चालतं. कपडे सैल झाले की कळतंच." त्यांनी चष्मा खाली घेतला. "पण हे ठरवायचं ज्याचं त्यानं. दारात उभं करून दुसऱ्यानं नाही."

पाणबाई घरी गेली, दोन पेले पाणी घटाघटा प्यायली आणि पोटभर जेवली. सासूबाईंनी तिच्या ताटात आणखी एक पोळी टाकली.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं, म्हणजे त्यांचा मान राहावा. काल पाण्यात काय झालं ते तिनं लपवलं नाही. "मी आठवड्यातून एकदा मोजीन," ती म्हणाली, "घरी. वजन मला उतरवायचंच आहे, तुमच्या आधीपासून. पण फळ्यावर माझं नाव नको."

साहेबांनी खुर्ची मागे सारली. "नियम सगळ्यांना सारखा. आज तुम्हाला सूट दिली की उद्या मावशी मागेल. आणि तुम्ही पाणी प्यायला नाहीत, तर तो काट्याचा दोष का?"

"काट्याचा नाही. दारात ठेवणाऱ्याचा."

"बाई, भावनिक होऊ नका. उलट मी तर आता पुढचं पाऊल टाकतोय. सभासदांचंही रोज वजन. सुरुवात बायकांच्या तुकडीपासून. त्यांनाच गरज जास्त आहे."

पाणबाईनं खूप सांगून पाहिलं. त्या बायका वजन उतरवायला येत नाहीत, निदान सगळ्या नाही. कोणाला पाठीचं दुखणं, कोणाला घरातून तासभर सुटका, कोणाला नुसती पाण्याची हौस. साहेब ऐकत होते, म्हणजे त्यांचे कान तिच्याकडे होते आणि डोळे तिच्या कमरेकडे. पालथ्या घड्यावर पाणी. तेही तलावाचं.

ज्या सकाळी सभासदांचं वजन सुरू झालं, तेव्हा पाणबाई आधीच पाण्यात होती. पोरांची तुकडी लांबली होती. बायका एकेक करून आत येत होत्या, पण रोजच्यासारखा कलकलाट नव्हता. मान खाली घालून येत होत्या आणि कपडे बदलायच्या खोलीत शिरत होत्या. पोस्टातल्या काकू मात्र सरळ काठाशी आल्या, साडी नेसलेल्याच, हातात पिशवी तशीच.

"अगं, ती गेली."

"कोण गेली?"

"शिंपीण. आता नाही यायची ती."

काकूंनी जे सांगितलं ते असं. शिंपीण काट्यावर चढायला तयार नव्हती. "मी उद्या करते" म्हणाली. साहेब म्हणाले, "उद्याचं उद्या, आजचं आज." मागे रांग, त्यात कॉलेजातले दोन मुलगे. बिचारी चढली. साहेबांनी आकडा मोठ्यानं वाचला, मग काट्याला हलकेच लाथ मारली आणि म्हणाले, "थांबा हं, काट्याची दमछाक झाली बहुतेक." मुलगे फिसकन हसले. साहेबही हसले. त्यांनी फळ्यावर आकडा लिहिला. शिंपीण खाली उतरली, तिला चप्पल सापडेना. पायानं चाचपत राहिली. सापडली तेव्हा ती घालून, मान वर न करता, रस्त्यावर निघून गेली.

पाणबाई पाण्यातून बाहेर आली ती पायरीनं नाही, काठावर दोन्ही हात टेकून, एका झटक्यात. तिच्या अंगावरून पाणी ओघळत होतं. काठावरचा टॉवेल खांद्यावर टाकून ओल्या पायांनी ती तशीच तिकीटखिडकीपाशी गेली. रांग अजून होती. फळ्यावर शिंपिणीचा आकडा होता, त्याखाली दोन रेघा.

"हे पुसा," ती म्हणाली.

"बाई, तुम्ही कपडे घालून या आधी."

"मी कामाच्या कपड्यांत आहे. तुम्ही पुसा."

"मी थट्टेत बोललो. वातावरण जरा हलकं..."

"थट्टा!" पाणबाईचा आवाज आता रस्त्यापर्यंत गेला. "त्या बाईला काठावरून पायरीवर यायला किती दिवस लागले ठाऊक आहे तुम्हाला? पाण्याला भिणारी बाई रोज येत होती, रोज! तिचं धाडस मोजायचं यंत्र आहे का तुमच्याकडे? नाही ना? मग जे मोजता येतं तेवढंच माणूस, असं ठरवलंत तुम्ही? आणि वर हसलात? चार परक्या माणसांसमोर एका बाईच्या अंगावर हसलात?"

"आकडा तर आकडा असतो. तो मी नाही ठरवला, तिच्या..."

पुढचं साहेबांच्या तोंडातच राहिलं. पाणबाईनं खांद्यावरचा ओला टॉवेल काढला आणि फळा पुसला. एकदा नाही, कोरडा कोपरा न ठेवता, तिचा स्वतःचा आकडा, मावशीचा आकडा, काकूंचा आकडा, सगळे. लाल आणि हिरवं पाणी मिळून भिंतीवरून मळकट ओघळ आले.

"उद्यापासून तुम्ही येऊ नका," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"मी येणार. वजन देणार नाही, पण येणार."

मग जे झालं ते पाणबाईनं ठरवलेलं नव्हतं. शिट्टीमामा खुर्चीवरून उतरला. त्यानं पोरांना पाण्याबाहेर काढलं, टॉवेल गुंडाळायला लावले, सावकाश चालत आला आणि गळ्यातली शिट्टी काढून खिडकीच्या फळीवर ठेवली. "पाण्यावर लक्ष ठेवायला माणूस नसला तर तलाव बंद ठेवावा लागतो, साहेब. नियम सगळ्यांना सारखा." मावशीनं बादली उपडी केली आणि तिच्यावर बसली. काकू तर आधीच बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, पोस्टात बसायच्या तशा, जागच्या न हलता.

दुपारपर्यंत तलाव बंद राहिला. रांगेतली माणसं आधी चिडली, मग काय झालं ते कळल्यावर निम्मी साहेबांवर चिडली आणि निम्मी पाणबाईवर. "एवढं काय त्यात? वजनच तर विचारलं!" असं म्हणणारेही होते, आणि ते बहुतेक सडसडीत होते. शेवटी तलावाच्या समितीच्या अध्यक्षीणबाई आल्या. त्यांनी दोघांचं ऐकलं, फळ्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं. काटा प्रथमोपचाराच्या खोलीत गेला, दाराआड. ज्याला हवं त्यानं, हवं तेव्हा, एकट्यानं उभं राहावं. फळ्यावर पोहण्याच्या वेळा लिहायच्या ठरल्या. पाणबाईला सर्वांसमोर आवाज चढवल्याबद्दल समज मिळाली. साहेबांना काय मिळालं ते कोणाला कळलं नाही. बंद दाराआड चहा मिळाला, असं मावशीचं म्हणणं.

"म्हणजे ओरडले म्हणून मी चुकले, आणि हसला तो सुटला!" पाणबाई घरी येऊन म्हणाली. नवऱ्यानं बसच्या किल्ल्या खिळ्याला अडकवल्या. "बरं झालं ओरडलीस," तो म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे भाषणच.

आठवडा संपायच्या आत ती शिंपिणीकडे गेली. खोलीत मशीन, कापलेल्या कापडांचे ढीग, दोरीवर टांगलेले अर्धवट झगे. शिंपीण एका परकराची किनार दुमडत होती. तिनं स्टूल पुढे केलं, पण मशीन थांबवलं नाही.

पाणबाईनं सगळं सांगितलं. काटा गेला, फळा पुसला, शिट्टीमामानं शिट्टी खाली ठेवली. शिंपीण ऐकत होती. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "मी औषधांच्या दुकानात जाते आता. तिथे आहे काटा."

"कशाला?"

"बघायला. सकाळी एकदा, दुकान बंद व्हायच्या आधी एकदा. संध्याकाळी जास्तच येतं. मग मी जेवत नाही. सकाळी जरा कमी येतं, तेव्हा बरं वाटतं, मग दुपारी भूक आवरत नाही. खाते, आणि संध्याकाळी पुन्हा जास्त." तिनं दोरा दातानं तोडला. "आधी मला माझं वजन माहीतही नव्हतं, ताई. चांगलं चाललं होतं."

पाणबाईला वाटलं उठावं आणि साहेबांची मान धरून त्यांना इथे आणून बसवावं. तिनं स्वतःवर काय बेतलं ते शिंपिणीला सांगितलं. त्या दिवशी पाठीखालचा हात का निसटला तेही, न लपवता. "संध्याकाळी जास्तच येणार गं. दिवसभर खाल्लेलं-प्यायलेलं असतं, अंगावर कपडे असतात. ते काही वाढलेलं वजन नाही. तुला उतरवायचं असेल तर उतरव, मी मदत करते. आठवड्यातून एकदाच बघायचं. नसेल उतरवायचं तर अजिबात बघू नकोस. पण त्याचा पोहण्याशी काय संबंध?"

"तुमचा राग कळतो मला," शिंपीण म्हणाली. "पण राग तुमचा आहे, ताई. मला लाज वाटते. तुमच्या रागानं माझी लाज नाही जात."

 पाणबाई निघाली ती तरातरा चालत, गुडघ्याची पर्वा न करता.

दुसऱ्या सकाळी, तिकिटाची रांग भरलेली असताना, ती साहेबांसमोर उभी राहिली. "साहेब, शिंपिणीकडे जाऊन आलात का?"

"कशाला?"

"माफी मागायला."

साहेब आत निघून गेले. त्याच्या पुढच्या सकाळी ती पुन्हा उभी. "गेलात का, साहेब?" आणि त्याच्या पुढच्या. आवाज चढवायचा नाही, समज मिळालेली होती. हसून, नमस्कार करावा तसं, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं: "गेलात का, साहेब?" काही दिवसांनी काकूही विचारायला लागल्या. मग शिट्टीमामा. मग रांगेतली ओळखीची माणसं, ज्यांना कुठे जायचं हेही माहीत नव्हतं, तीसुद्धा गंमत म्हणून "जाऊन आलात का, साहेब?" विचारू लागली.

"हा छळ आहे," साहेब एकदा खोलीत बोलावून म्हणाले.

"एक प्रश्न तर आहे. प्रश्न तर प्रश्न असतो," पाणबाई म्हणाली. "आणि रोज विचारलं की माणूस ताळ्यावर राहतो, असं ऐकलंय मी."

शेवटी ते गेले. कधी गेले ते कोणी पाहिलं नाही. एका सकाळी पाणबाईनं विचारायच्या आधीच म्हणाले, "जाऊन आलो."

"काय म्हणाली?"

"काही नाही. शिवत होत्या. मी उभाच होतो बराच वेळ. मग म्हणाल्या, ऐकलं." साहेबांच्या कपाळावर आठी होती. पण पहिल्यांदाच त्यांची नजर कमरेवर न राहता वर आली होती आणि वर येऊन कुठे ठेवावी हे त्यांना समजत नव्हतं.

पाणबाईला वाटलं होतं, आता राग जाईल. गेला नाही. एका माणसानं एका क्षणात बोलून टाकलं, आणि ते निस्तरायला इतक्या जणांनी इतकं झिजायचं, हे तिला पटेना ते पटेनाच. तुकडीतल्या बायका परत आल्या, सगळ्या नाहीत. मधुमेहवाली आजी पुन्हा कधी आलीच नाही. पाणबाई स्वतः दर रविवारी सकाळी घरी आणलेल्या नव्या काट्यावर उभी राहायची. कधी आकडा तिथेच, कधी जरा वर, पण महिन्यांच्या हिशोबात उतरत होता आणि जिना आता न थांबता चढता येत होता. सासूबाई लांबूनच विचारायच्या, "काय म्हणतोय तुझा पाहुणा?" आणि ती म्हणायची, "पाहुण्यासारखाच येतो, तेच बरं."

शिंपीण आली ती बऱ्याच काळानं, पाणबाईनं आशा सोडल्यावर. तुकडीच्या वेळेला नाही, दुपारी, जेव्हा तलावावर फार कोणी नसतं. निळा पोशाख घालून ती पायरीशी उभी होती.

 "साहेब येऊन गेले म्हणून आलीस?" पाणबाईनं विचारलं.

"छे!" शिंपिणीनं नाक मुरडलं. "ते आले काय, गेले काय. औषधवाल्यानं विचारलं मला, 'काय हो, रोज रोज काय बघता?' आणि मला एकदम इतका राग आला, ताई! त्याच्यावर नाही. म्हटलं, खरंच, काय बघते मी रोज रोज? पाण्यात जायचं सोडून तिथे काय करते?" तिनं एक पाय पाण्यात घातला आणि अंग चोरलं. "अगं बाई, केवढं गार आहे हे!"

"गार वाटतंय तर जोरात ओरड," पाणबाई म्हणाली. "इथे कोणी समज देत नाही."

आणि शिंपीण ओरडली. चांगली खणखणीत ओरडली. खुर्चीत पेंगत असलेला शिट्टीमामा दचकून उठून बसला.